वर्डमध्ये एकच ओळ पुढच्या पानावर जाऊन बसते, काय करू?

प्रबंधग्रस्त: ८० पानांचा प्रबंध आहे, परिच्छेदाची शेवटची एकच ओळ पुढच्या पानावर एकटी पडते आणि कुठेकुठे हेडिंग तळाशी लटकतं नि मजकूर पुढे. एंटर मारमारून ढकललं होतं पण मॅडमनी पान ३ वर दोन ओळी वाढवायला लावल्या आणि पुढचं सगळंच घसरलं 😭

डीटीपीवाला: आधी ते एंटर उडव बाबा, कंट्रोल शिफ्ट ८ दाबलंस की सगळे दिसतील. मग पॅराग्राफच्या डायलॉगमध्ये 'लाइन अँड पेज ब्रेक्स' टॅब, तिथे 'विडो/ऑर्फन कंट्रोल'वर (परिच्छेदाची पहिली किंवा शेवटची ओळ एकटी पडू न देणारा पर्याय) टिक. हेडिंगला 'कीप विथ नेक्स्ट', म्हणजे ते पुढच्या मजकुराला चिकटून राहील, पण एकेकाला लावत बसू नको, हेडिंगची स्टाइलच मॉडिफाय कर, सगळ्यांना एकदम लागेल. नवीन प्रकरण नव्या पानावर न्यायला कंट्रोल एंटर.

प्रबंधग्रस्त: झालं! पण आता एका पानाखाली दोन ओळींची जागा रिकामी दिसतेय?

डीटीपीवाला: दिसणारच. तीन ओळींचा परिच्छेद असेल तर कसाही तोडला तरी एक ओळ एकटी पडते, म्हणून तो आख्खाच पुढे जातो.

पेनड्राइव्ह: लिब्रेऑफिसवाल्यांनो, आपल्याकडे हे 'टेक्स्ट फ्लो' टॅबमध्ये आहे, किती ओळी एकत्र राहाव्यात तो आकडाही देता येतो. आणि छापायला देताना पीडीएफच द्या, झेरॉक्सवाल्याकडे फॉन्ट नसला की ओळी सरकून परत तेच रडगाणं.