आजीसाठी रास्पबेरी पायवर मोठ्या बटणांचा रिमोट बनवायचाय, बजेट १५००, सल्ला द्या

पंचवटी_कारंजा
नमस्कार मंडळी. आजी ८१ वर्षांची, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तरी बारीक अक्षर दिसत नाही. तिच्या खोलीत टीव्ही, सेटटॉप बॉक्स, एसी आणि बीएलडीसी पंखा असे चार रिमोट आहेत, चारही काळे आणि चारही जवळपास एकाच मापाचे. दिवसातून पाच-सहा वेळा हाक येते, "अरे हे मेलं परत निळं झालं!" निळं म्हणजे सोर्सचं बटण दाबलं जाऊन टीव्ही भलत्याच एचडीएमआयवर गेला. तर चार-पाच मोठी बटणं असलेला एकच डबा करायचा विचार आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टचा पाय झिरो डब्ल्यू (रास्पबेरी पायचा, म्हणजे एका बोर्डावरच्या छोट्या कॉम्प्युटरचा, लहान प्रकार) कपाटात पडून आहे, कालच लावून बघितला, चालू आहे. म्हणजे बोर्डाचा खर्च नाही, बाकी सगळं १५०० च्या आत बसवायचंय. सोल्डरिंग येतं, म्हणजे वायर चिकटते इतपत येतं. जुन्या रिमोटचे सिग्नल पकडायला रिसीव्हर कुठला घेऊ, सिग्नल पाठवायचा एलईडी सरळ पायच्या पिनला लावला तर चालेल का आणि नाशकात सामान कुठं मिळेल?

कॉलेजरोडकर
पाय ५ घे, ८ जीबीवाला. वर एसएसडी टाक आणि होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवायचं सॉफ्टवेअर) चढव. माझ्याकडे पूर्ण फ्लॅट त्याच्यावर चालतो, गीझर, पडदे, गॅलरीतल्या कुंड्यांचं पाणी सगळं. एकदाच खर्च कर पण चांगला कर, नंतर पस्तावशील.

रात्रपाळी_सातपूर
भाऊ त्याने बजेट १५०० लिहिलंय, तुझ्या एसएसडीचं कव्हर येईल तेवढ्यात. आजीला कुंड्यांना पाणी नाही घालायचंय, सिरीयल बघायचीय.

कॉलेजरोडकर
मी फक्त अनुभव सांगितला.

देवळाली_कॅम्प_७२
मी स्वतः ७२ वर्षांचा आहे म्हणून लिहितो. बाळा, एवढा खटाटोप कशाला? रिमोटवर पुठ्ठा कापून बसव, फक्त लागणाऱ्या बटणांपुरती भोकं ठेव, वर चिकटपट्टी मार. चालू-बंदला सौ.ची लाल नेलपॉलिश लाव. आमच्याकडे तीन वर्षं असंच चाललंय आणि खर्च शून्य. सोर्सचं बटण तर मी रिमोट उघडून रबराखालचा काळा ठिपकाच ब्लेडने खरवडून टाकला. आता कितीही दाबा, निळं होत नाही.

टाका_मारणारा
काका जिंकले, धागा बंद करा 😄

बरं, आता कामाचं. एलईडी सरळ पिनला लावू नको. पायच्या एका पिनमधून १६ मिलीअँपच्या वर ओढायचं नसतं आणि तेवढ्यात आयआर (इन्फ्रारेड) एलईडी जेमतेम हातभर अंतरावर चालतो. मध्ये ट्रान्झिस्टर टाक, २एन२२२२ घे. ५ व्होल्टवरून ४७ ओहम, तिथून एलईडी, तिथून कलेक्टर, एमिटर ग्राउंडला आणि बेसला पिनवरून ४७० ओहम. एलईडीला साधारण ७५ मिलीअँप मिळतात, समोरच्या भिंतीपर्यंत आरामात जातं. एलईडी ९४० नॅनोमीटरचाच माग, ८५० वाला सीसीटीव्हीसाठी असतो. जळतोय की नाही ते मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघ, जांभळा दिसतो. मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा फिल्टर असतो, दिसला नाही म्हणून मेला समजू नको.

आता रिसीव्हर. टीएसओपी १७३८ मागशील तर दुकानदार बिनधास्त १८३८ देईल आणि म्हणेल सेमच आहे. सेम नाही. दोन्ही ३८ किलोहर्ट्झचे आहेत पण पिना वेगळ्या. १७३८ ला फुगीर बाजू आपल्याकडे धरली तर ग्राउंड, सप्लाय, आउटपुट. १८३८ ला आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. मी एकदा न बघता लावला आणि बोटाला चटका बसल्यावर कळलं. शिवाय १७३८ ला ५ व्होल्ट लागतात आणि पायची पिन ३.३ ची, त्यामुळे तुला १८३८ किंवा ३८२३८ च बरा, ते ३.३ वर चालतात. तसंही रिसीव्हर फक्त जुन्या रिमोटचे कोड शिकायला लागतो, नंतर काढून ठेव.

रात्रपाळी_सातपूर
पाय कशाला पण? ईएसपी८२६६ घे, छोटा वायफायवाला बोर्ड, तीनशेच्या आत येतो. लाईट गेली आली की सेकंदात चालू. पाय झिरो उठायला पाऊण मिनिट घेतो आणि लाईट गेली की मेमरी कार्ड मरतं. सिडकोत पावसाळ्यात काय होतं माहितीय ना, माझी दोन कार्डं गेली. ईएसपीच्या आयआर लायब्ररीत एसीचे प्रोटोकॉल पण तयार आहेत, रेकॉर्ड करायची भानगड नाही.

द्राक्षबाग
नाशिकमध्ये राहून रास्पबेरी? द्राक्षाचा बोर्ड येत नाही का 😂

गंगापूर_रोड_आई
मुलाने गेल्या दिवाळीत रेडिमेड युनिव्हर्सल ब्लास्टर आणून दिला, मोबाईलवरून चालतो. सासूबाईंना मोबाईल लावता येत नाही म्हणून तो मीच चालवते. म्हणजे आधी त्या मला हाक मारायच्या आणि मी उठून जायचे, आता त्या हाक मारतात आणि मी स्वयंपाकघरातून बटण दाबते. सोय माझीच झाली, खोटं कशाला बोलू.

आणि एक, आमच्या टीव्हीला लावायची जी स्टिक आहे तिच्यावर तो ब्लास्टर चालतच नाही. महिनाभर मुलगा सेटिंग करत बसला, मग कळलं की त्या स्टिकचा रिमोट ब्लूटूथचा आहे, त्याला इन्फ्रारेड नाहीच. तुमचे चारही रिमोट आधी तपासून घ्या.

टाका_मारणारा
हे महत्त्वाचं आहे. चारही रिमोट कॅमेऱ्यासमोर धर आणि बटण दाब. ज्याचा दिवा लुकलुकत नाही तो आयआर नाही.

अंबड_लिंक_रोड
ईएसपी घे. लाईट गेली तरी लगेच चालू होतं.

रात्रपाळी_सातपूर
वर तेच लिहिलंय भाऊ मी.

पंचवटी_कारंजा
चारही तपासले, चारही लुकलुकतात 👍 काका, पुठ्ठ्याची आयडिया भारी आहे पण चार रिमोट चारच राहतात ना, आजी पंख्याचा रिमोट टीव्हीकडे धरून पाच मिनिटं दाबत बसते. टाका भाऊ, पिनांचं सांगितलंत ते बरं झालं. काल महात्मा गांधी रोडवर गेलो होतो, १७३८ मागितला, त्याने दिला, घरी आल्यावर बघतो तर १८३८.

टाका_मारणारा
🙏

ओझर_निवृत्त
एमजी रोडला मोबाईलची कव्हरं मिळतात. आमच्या वेळी सुटं सामान आणायला पंचवटी एक्सप्रेसने सकाळी निघून लॅमिंग्टन रोड गाठायचो आणि संध्याकाळच्या त्याच गाडीने परत. एका पिशवीत वर्षभराचं सामान. आता हातात सगळं आहे तर कुणाला रेझिस्टरचे रंग वाचता येत नाहीत.

अंबड_लिंक_रोड
काका एमजी रोडला सुटं सामान मिळतं, आतल्या गल्लीत विचारावं लागतं. दोन रेझिस्टरसाठी मुंबईला कोण जातं, तिकिटात बोर्ड येईल.

ओझर_निवृत्त
तिकिटाचा प्रश्न नाही, क्वालिटीचा आहे.

कॉलेजरोडकर
ऑनलाईन मागवा दोघंही.

झिरो_टू
मी हे पायवर केलंय, दोन चुका सांगतो. पहिली, जीपीआयओ १८ (प्रोग्राममध्ये पिनेला देतात तो नंबर) आणि बोर्डावरची १८ नंबरची पिन ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. जीपीआयओ १८ म्हणजे मोजून १२ वी पिन. १८ व्या पिनेवर जीपीआयओ २४ असतो. मी दोन रविवार चुकीच्या पिनेवर घालवले, बायकोने तर तो टेबलच दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. दुसरी, नेटवरचे जुने लेख वाचून लर्क (आयआरचं जुनं सॉफ्टवेअर) बसवत बसू नको. त्यातलं लर्क-आरपीआय नावाचं मॉड्युल ४.१९ कर्नलपासून गेलं. आता कॉन्फिग फाईलमध्ये ओव्हरले (कुठल्या पिनेवर काय जोडलंय ते सांगणारी ओळ) टाकायचा, घ्यायला जीपीआयओ-आयआर आणि पाठवायला पीडब्ल्यूएम-आयआर-टीएक्स (हे सगळं फाईलमध्ये इंग्रजीतच लिही रे, मी इथं मराठीत टंकतोय). दोघांची डिफॉल्ट पिन १८ च आहे, रिसीव्हरची बदल. मग आयआर-सीटीएल नावाच्या प्रोग्रामने रेकॉर्ड करायचं आणि त्यानेच पाठवायचं.

एसीचं वेगळं असतं. टीव्हीचा रिमोट एका बटणाचा छोटा कोड पाठवतो, एसीचा रिमोट दर वेळी सगळी कुंडली पाठवतो, तापमान, मोड, पंख्याचा वेग, स्विंग. म्हणून रिमोट २६ वर ठेवून चालू केलं की ते एक रेकॉर्ड कर आणि बंद केलं की दुसरं. आजीला दोनच बटणं, थंड आणि बस्स.

खरी डोकेदुखी टीव्ही आणि सेटटॉपची. दोघांचं चालू-बंद एकाच बटणावर, उलटसुलट. एका बटणात दोन्ही कोड पाठवलेस आणि एक आधीच चालू असला की तो बंद होणार. मग आजी परत दाबणार, मग दुसरा बंद. आमच्या घरी हा फुगडीचा खेळ आठवडाभर चालला. शेवटी सेटटॉप कायम चालूच ठेवला.

रात्रपाळी_सातपूर
ईएसपीने पण तेच होणार म्हणा, आयआरला उलट उत्तर येतच नाही, टीव्ही चालू आहे की बंद ते कळणार कसं. म्हणूनच म्हणतो आयआर हा प्रकारच जुनाट. एचडीएमआय केबलमधून सीईसी (उपकरणांनी एकमेकांना द्यायचे हुकूम) जातं, त्यात चालू वेगळं आणि बंद वेगळं.

अंबड_लिंक_रोड
सीईसीचं नाव काढू नका. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते आणि सेटिंगमध्ये कुठंतरी खोल पुरून ठेवते. माझा साउंडबार रात्री दोनला आपोआप चालू व्हायचा, घरात भूत आहे म्हणून आईने नारळ ओवाळला.

द्राक्षबाग
मग भूत गेलं का

अंबड_लिंक_रोड
सीईसी बंद केलं, गेलं.

पंचवटी_कारंजा
थांबा थांबा. पायला एचडीएमआय आहेच की. म्हणजे पायवरून टीव्हीला "एचडीएमआय १ वर ये" असं सांगता येईल? म्हणजे निळं झालं की एका बटणात परत?

झिरो_टू
हो, बऱ्याच टीव्हींवर चालतं. सीईसी-क्लायंट म्हणून प्रोग्राम आहे, त्यातून १एफ:८२:१०:०० पाठवलं की टीव्हीला वाटतं एचडीएमआय १ वाला बोलतोय, तो तिकडं वळतो. पण मग पाय टीव्हीच्या मागे ठेवावा लागेल. आणि मिनी एचडीएमआयची केबल लागेल, झिरोला साधी बसत नाही. करंट टीव्हीच्या यूएसबीतून घेऊ नको, टीव्ही बंद झाला की पाय पण झोपेल.

रात्रपाळी_सातपूर
मी सहज बोललो होतो. ईएसपीच घे.

देवळाली_कॅम्प_७२
काळा ठिपका खरवडला की निळं होतच नाही, हे मी वर लिहिलं आहे.

नाशिकरोड_नवीन
सगळा धागा वाचला नाही पण रिमोटवर नको असलेल्या बटणांवर टेप लावली तर?

पंचवटी_कारंजा
(दोन आठवड्यांनी) अपडेट देतो. सगळ्यांनी ईएसपी सांगितला, मी पायच ठेवला, सॉरी रात्रपाळी भाऊ. कारण तुम्हीच दिलंत, सीईसी. आमच्या टीव्हीत त्याचं सेटिंग सापडायला तासभर गेला पण सापडलं.

पाय टीव्हीच्या मागे चिकटवला, वेगळा अ‍ॅडॉप्टर लावला. एलईडी दोन, एक सेटटॉपकडे तोंड करून आणि एक समोरच्या भिंतीवरच्या एसीकडे. पंखा मधेच आहे, त्याला आपोआप मिळतं. बटणांसाठी आधी ऑनलाईन मोठी गेमवाली रंगीत बटणं बघितली होती, मग आजीच म्हणाली, "दाराच्या बेलसारखं कर की, ते मला अंधारात पण कळतं." रविवार कारंज्यावरून चार बेलची बटणं, प्लेट आणि डबा आणला आणि पलंगाशेजारी बसवला. तिथून टीव्हीपर्यंत घरातली जुनी लॅनची वायर, आत आठ तारा असतात, चार बटणं आणि ग्राउंड धरून पाचच लागल्या. टीव्ही, थंड, बस्स, आणि चौथं "निळं". कार्ड मरू नये म्हणून सेटिंगमधून ओव्हरले फाईल सिस्टिम चालू केली, कार्डावर काही लिहिलंच जात नाही. मिनी एचडीएमआय केबल, प्लेट, सुटं सामान सगळं धरून ११४० झाले, एक १८३८ जाळला तो धरून.

आवाज कमी-जास्तचं बटण ठेवलं नाही. ती म्हणे आवाज आहे तेवढाच बरा आहे. शेजारच्यांचं मत वेगळं असेल.

आता अडचण. आई स्वयंपाकघरात मिक्सर लावते तेव्हा टीव्ही आपोआप चालू होतो. रोज. आजी एकदम खूश आहे, म्हणते चटणी झाली की सिरीयल लागते. पण काल दुपारी मिक्सरने एसी चालू झाला आणि ती गारठून उठली. काय करू?

अंबड_लिंक_रोड
नारळ ओवाळा.

टाका_मारणारा
लॅनची वायर अँटेना झालीय. पायच्या आतला पुलअप (बटण दाबलं नसताना पिन ३.३ ला धरून ठेवणारा रेझिस्टर) ५० के, म्हणजे किलोओहमच्या आसपास असतो, एवढ्या लांब वायरला फारच कच्चा. प्रत्येक बटणाच्या पिनवरून ३.३ ला ४.७ के लाव, ५ ला चुकूनही नको. आणि प्रोग्राममध्ये बटण सलग ५० मिलीसेकंद दाबलेलं असेल तरच धर.

ओझर_निवृत्त
४.७ के म्हणजे पिवळा, जांभळा, लाल. दुकानात वाचून घे.

कॉलेजरोडकर
वायरलेस केलं असतं तर हे झालंच नसतं. पाय ५ वर...

पंचवटी_कारंजा
४.७ के आणतो उद्या. टीव्हीच्या बटणाला लावू की नको ते आजीला विचारून सांगतो.