जुन्या हार्डडिस्कमधली हरवलेली जागा : तुम्हाला काय सापडलं?

गेल्या महिन्यात पुण्याच्या तपकीर गल्लीतून एक जुना डेस्कटॉप उचलला. '५०० जीबी आहे साहेब, डोळे झाकून घ्या,' असं दुकानदार म्हणाला आणि मीही डोळे झाकूनच घेतला. घरी लावून बघतो तर सी ड्राइव्ह ११७ जीबी, आणि डी नावाचं काही नाहीच. बायको म्हणाली, "केलीस ना घासाघीस? आता भोग."

दुकानात भांडायला निघालोच होतो. त्याआधी विंडोजचं बटण आणि एक्स दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडलं, म्हणजे डिस्कचे भाग दाखवणारी विंडोजची खिडकी. सीच्या शेजारी भली लांब काळी पट्टी, ३४७ जीबी, 'अनअलोकेटेड'. म्हणजे जागा होती, तिला कोणी नाव दिलं नव्हतं. ती सीलाच जोडायची म्हटलं तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकट, दाबलंच जाईना. कारण दोघांच्या मध्ये रिकव्हरीचं, म्हणजे विंडोज बिघडलं तर दुरुस्तीला लागणारं, अर्ध्या जीबीचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) ठाण मांडून बसलेलं. मोकळी जागा सीला अगदी लागून उजवीकडे असेल तरच विंडोज ती जोडून घेतं. नाद सोडला, काळ्या पट्टीवर राइट क्लिक करून नवा डी केला. पाच मिनिटांचं काम.

तरी बेरीज ४६५ च्या आसपासच. उरलेले ३५ कुठे गेले? कुठेच नाही. डिस्क बनवणारे १०० कोटी बाइटला एक जीबी म्हणतात, विंडोज १०७ कोटी ३७ लाखांना. शेर आणि किलोचा फरक. त्यासाठी दुकानदाराशी भांडू नका.

जुनी डिस्क, जुना लॅपटॉप घेतलेल्यांनी आपापलं लिहा. फसलेलं आधी लिहा.

नागपूर, मोबाईल दुरुस्तीचं दुकान

फसलेलंच लिहितो. एका दुकानाच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्यातून, डीव्हीआरमधून निघालेली १ टीबी डिस्क स्वस्तात मिळाली. विंडोजला तिच्यातलं काही वाचता येईना. म्हटलं डिस्कपार्टमध्ये (विंडोजचीच, हुकूम टाइप करून चालवायची सोय) जाऊन साफच करू. लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, क्लीन. एंटर मारला आणि लक्षात आलं की २ ऐवजी १ निवडलाय. १ म्हणजे बाबांच्या फोटोंची डिस्क. क्लीन काही विचारत नाही हो, 'नक्की ना?' एवढंही नाही.

हातपाय गार पडले. नशीब एवढंच की नुसत्या क्लीनने पार्टिशनचा तक्ता पुसला जातो, आतला माल जागेवर असतो. त्या डिस्कवर पुढे एक अक्षरही लिहिलं नाही. टेस्टडिस्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवलं, त्याने हरवलेलं पार्टिशन शोधून तक्ता परत लिहिला. फोटो जसेच्या तसे. तेव्हापासून असलं काम करताना दुसऱ्या सगळ्या डिस्कच्या वायरी काढून ठेवतो.

आणि ती डीव्हीआरची डिस्क? डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोत बघितलं तर ४१,००० तास चाललेली. साडेचार वर्षांच्या वर, रात्रंदिवस. रिअलोकेटेड सेक्टरचा, म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या तुकड्यांचा आकडाही शून्य नव्हता. जागा परत मिळवली, पण तिच्यावर गाण्यांपलीकडे काही ठेवत नाही.

धागाकर्ता

हे आधी लिहायला हवं होतं मी. तास आणि रिअलोकेटेडचा आकडा बघा, मग जागेच्या मागे लागा.

ठाणे

माझं साधं आहे. जुन्या लॅपटॉपचा सी भरून लाल झालेला. विंडोज.ओल्ड नावाचं, आधीच्या विंडोजचं २० जीबीचं धूड निघालं, ते डिस्क क्लीनअपमधल्या 'क्लीन अप सिस्टम फाइल्स'ने गेलं. हायबरनेट (चालू काम डिस्कवर ठेवून बंद होणं) कधी वापरत नाही, म्हणून अ‍ॅडमिनच्या काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' दिलं, आणखी ६ जीबी. मुलाला पिझ्झा कबूल केला होता, त्याने सांगितलं होतं म्हणून.

कराड, लग्नाचे फोटो काढतो

३ टीबीची डिस्क घेतली, सीझन तोंडावर. विंडोज म्हणे २०४८ जीबी घे, बाकी ७४६ काळे. त्या काळ्यावर राइट क्लिक केलं तर सगळे पर्याय फिके. दोन दिवस डिस्क खराब समजून शिव्या घातल्या. आधीच्या मालकाने ती एमबीआर या जुन्या पद्धतीने मांडलेली होती. त्या पद्धतीत सेक्टर (डिस्कचे छोटे तुकडे) मोजायला ३२ बिटांचाच आकडा आहे आणि सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून गाडी २ टीबीला थांबते. जीपीटी या नव्या पद्धतीची करायची म्हणजे विंडोजच्या खिडकीतून तरी आधी डिस्क रिकामी करावी लागते, आणि तोवर मी तीन लग्नं तीत ओतलेली. मेहुण्याची डिस्क उसनी आणली, सगळं तिकडे, कन्व्हर्ट, सगळं इकडे. एक अख्खा दिवस गेला. घेतल्याघेतल्या बघितलं असतं तर दोन क्लिकचं काम होतं.

रत्नागिरी, शाळेची लॅब सांभाळते

आमच्याकडे विंडोज नाही, उबुंटू लिनक्स. तिथे वेगळीच गंमत. तिथल्या ईएक्सटी४ या फाइल मांडायच्या पद्धतीत ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टमच्या मुख्य अ‍ॅडमिनसाठी राखीव असते, १ टीबीवर जवळजवळ ४६ जीबी. नुसत्या डेटाच्या डिस्कला एवढं राखीव कशाला? 'ट्यून२एफएस -एम १' देऊन १ टक्क्यावर आणलं. सिस्टमच्या पार्टिशनला मात्र हात लावू नका, डिस्क गच्च भरली की तीच राखीव जागा तारते.

नाशिक

मला जागा नाही, माणसं सापडली. जुन्या डिस्कवर माझीच एक एक्सेल फाइल चुकून डिलीट झाली, ती शोधायला फोटोरेक हे डिलीट झालेल्या फाइली परत काढणारं सॉफ्टवेअर चालवलं. हजारो फाइली वर आल्या, त्यातल्या बहुतेक माझ्या नव्हत्याच. कुणाचं तरी बारसं. पाळण्याला झेंडूच्या माळा, मागे भिंतीवर कॅलेंडर, एक आजी कॅमेऱ्याकडे न बघता बाळाचं झबलं सारखं करतेय. मग कुणाच्या तरी मार्कशीटचे स्कॅन. विकणाऱ्याने बहुतेक क्विक फॉरमॅट केलं असणार, त्याने फक्त अनुक्रमणिका जाते, पानं तशीच राहतात.

माझी फाइल मिळालीच नाही. बाकीचं पुढे न बघता 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट लावलं, त्यात विंडोज सगळीकडे शून्यं लिहितं. रात्री लावलेलं सकाळी चहाच्या वेळी संपलं. त्या आजींचा फोटो ठेवावा असं क्षणभर वाटलं होतं. नाही ठेवला.

धागाकर्ता

हे वाचून पोटात गोळा आला. दोन वर्षांपूर्वी मी माझा जुना लॅपटॉप विकला. त्यात घराची कागदपत्रं होती, आईच्या शस्त्रक्रियेचे रिपोर्ट होते. घाईत होतो, क्विक फॉरमॅट केलं. ज्याला विकला त्याचा नंबर शोधतोय.