घटाचं पिवळं रुजवण आणि कपाटातली मेथी : कपाटात दिवे लावून झाडं वाढवणाऱ्यांचे अनुभव

परसदार
यंदा इथे कॅनडात, ब्रॅम्प्टनला घट बसवले. देवघर म्हणजे कोटांच्या कपाटातला एक खण, त्यामुळे परडी अंधारातच. काल सातव्या माळेला लेकीने दार उघडलं आणि म्हणाली, "आई, हे सगळं यलो का?"

एकदम आजीचं माजघर आठवलं. तिथेही खिडकी नव्हती. नवव्या दिवसापर्यंत वीतभर पिवळेधमक कोंब यायचे आणि दसऱ्याला आजोबांच्या टोपीत तुरा खोवला जायचा. रुजवण जितकं उंच तितकं पीकपाणी चांगलं, असं आजी म्हणायची. उंच होणारच हो, उजेड शोधत पळत होतं बिचारं!

हे मला कळलं ते इथल्या पहिल्या हिवाळ्यात, मेथी गमावून. डिसेंबरात दिवस जेमतेम नऊ तासांचा, तोही ढगाळ. म्हणून तळघरातलं अडीच-तीन फूट रुंद कपाट रिकामं केलं आणि ऑनलाइन "१००० वॅट"चा दिवा मागवला. जांभळा. हँगरच्या दांडीला टांगला, खाली जमिनीवर मेथीचा ट्रे. मध्ये चार फूट अंतर. मला तर डोळे दिपतील इतका उजेड वाटत होता. आठ दिवसांत मेथी आडवी. दोऱ्यासारखे देठ आणि टोकाला दोन पानं. मग घाबरून दिवा पार अर्ध्या फुटावर आणला, तर दुसऱ्या खेपेची पानं वरून पांढुरकी पडली. नवऱ्याने प्लगला मीटर लावून पाहिलं, हजार वॅटवाला दिवा ओढत होता ९६ वॅट.

शेवटी दोरी कमी-जास्त करत दीड फुटावर जमलं. तुमच्यापैकी कोणी असे उद्योग केलेत का? लिहा ना.

चकलीचा_सोऱ्या
हाहाहा जांभळा उजेड!! आमच्या तळघराच्या खिडकीतून रस्त्यावर दिसायचा. शेजारचे आजोबा एक दिवस हळूच विचारतात, "किती झाडं आहेत? चारपर्यंत चालतात बरं का कायद्याने." कढीपत्त्याची डहाळी हातात दिली. हुंगून परत केली. गांजा वाटला होता त्यांना!

वऱ्हाडी_ठेचा
इकडं उन्हानं झाडं करपून राह्यली अन् तुमी लोकं ऊन इकत घेऊन राह्यले. या आमच्याकडं मे महिन्यात, फुकट देतो पोतंभर.

सदाशिव_पेठी
फुकटचं ऊन आम्हालाही मिळत नाही. आमचा फ्लॅट डक्टकडे तोंड करून आहे, बाल्कनीत सूर्य येतो तो फक्त जाहिरातीत. मी झाडांसाठीचा खास 'ग्रो लाइट' वगैरे काही घेतलं नाही. वीस वॅटचे चार फुटी दोन एलईडी बॅटन (ट्यूबलाइटसारख्या पट्ट्या), साधे पांढरे, ६५०० केल्विनचे, हार्डवेअरच्या दुकानातून. भिंतीतल्या लाकडी कपाटाचे दोन खण काढले आणि साखळी व एस-हुकने आडवे टांगले. पालेभाजीच्या शेंड्यापासून एक वीत वर. रोप वाढलं की साखळीची एक कडी वर. बस. कोथिंबीर, पुदिना, मोहरीची कोवळी पानं झकास येतात.

वीज : ४० वॅट गुणिले १४ तास म्हणजे रोजचं अर्धं युनिट, महिन्याला सतराएक. कोथिंबिरीची जुडी पावसाळ्यात काय भावाने मिळते ते आठवा आणि मग मला शिकवा.

घरात विरोध फक्त आईचा. ते कपाट तिच्या साड्यांचं होतं.

पैठणीप्रेमी
साड्या गेल्या कुठे मग??

सदाशिव_पेठी
माझ्या कपाटात. माझे शर्ट खुर्चीवर.

फ्यूजवायर
चाळीस वर्षं वायरिंग केलंय म्हणून सांगतो, रागावू नका. झाडाला पाणी घालता तिथेच तुम्ही वीज नेताय. एक्स्टेन्शन बोर्ड खाली जमिनीवर ठेवू नका, कपाटाच्या बाजूला उंचावर स्क्रूने मारा. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळावरून टपकेल, पिनेत शिरणार नाही. टायमर लावा, हाताने चालू-बंद कोणी करत नाही, तीन दिवस करतात. आणि कपाटाचं दार चोवीस तास बंद ठेवू नका, छोटा पंखा सोडा. दमट हवेत बुरशी येते आणि दिव्याची पट्टीही तापून लवकर जाते.

अंतराबद्दल : छोट्या दिव्याचं अंतर निम्मं केलं की उजेड दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून परसदारताईंची मेथी एकदा उपाशी राहिली आणि एकदा भाजली. लांब बॅटनचं तसं नाही, जवळ असताना तिथे दुपटीच्या आसपासच वाढतो. नवशिक्याने बॅटनच घ्यावा, चुकलं तरी सांभाळून घेतो. फक्त टोकांना उजेड कमी पडतो, तेव्हा कडेच्या कुंड्या आठवड्याने मध्ये घ्या.

मिठाची_गुळणी
मी फोनवरच्या लक्स ॲपने उजेड मोजते. ट्रेवर फोन उताणा ठेवायचा. कपाटात २५०० दाखवलं तेव्हा रोपं लांबट झाली, ११,००० झाल्यावर ठेंगणी आणि गच्च. डोळ्यांना दोन्ही सारखंच लख्ख दिसत होतं, हे खरं.

फ्यूजवायर
बरोबर. पांढऱ्या एलईडीचे लक्स साधारण ७०ने भागले की झाडाच्या कामाचा आकडा मिळतो. तुमचा आला दीडशेच्या पुढे, सोळा तास लावलात तर दिवसाचे नऊएक मोल (झाडाला दिवसभरात मिळालेल्या उजेडाचं माप). पालेभाजीला १२ ते १७ मिळाले तर उत्तम, पण नवातही खायला मिळतं. जांभळ्या दिव्याखाली मात्र हे ॲप वापरू नका. लक्स माणसाच्या डोळ्यांसाठी आहे, लाल-निळा उजेड तो धड मोजत नाही.

परसदार
काका, आधी कुठे होतात हो तुम्ही!

ओली_भेळ
भिंतींना ॲल्युमिनियम फॉइल चिकटवली तर? किचनमध्ये रोल पडलाय.

सदाशिव_पेठी
चुरगळते आणि कुठे ठिपका, कुठे सावली पडते. पांढरा मॅट रंग मारा. पोळ्या गुंडाळायला ठेवा ती.

धुक्यातली_वाट
एडिनबरा. इथे डिसेंबरात दिवस सातच तास. माझा कढीपत्ता दिव्याखाली ठेवूनही गळतोय, काड्या उरल्यात. उजेड अजून वाढवू का? रडू येतंय, आईने चिपळूणहून दिलेल्या बियांपासून केलेला आहे.

चकलीचा_सोऱ्या
रडू नका. कुंडी कशावर आहे? माझी फरशीवर होती, मुळं गारठली होती. लाकडी पाटावर ठेवली. आणि थंडीत त्याला झोपू द्या, पाणी कमी, खत बंद. पानांच्या मागे बारीक जाळी आहे का बघा, हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी येतो. ओल्या फडक्याने पुसा. काडी नखाने खरवडा, आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे.

धुक्यातली_वाट
आत्ता खरवडलं. हिरवं आहे!!!! फरशीवरच होती कुंडी.

सोवळं_ओवळं
रुजवणाची थट्टा आवडली नाही. ते पिवळंच शोभतं. काही गोष्टी उजेडात आणायच्या नसतात.

परसदार
थट्टा नाही हो. यंदाही अंधारातच ठेवलंय, दिवा तिकडे लावला नाही. लेकीच्या कानामागे खोवणार आहे दसऱ्याला.

वऱ्हाडी_ठेचा
खोलीत दिवे लावून केशर होते म्हणे, आमच्या गावात एकानं क्लास लावला. फी भरू का?

सदाशिव_पेठी
आधी मेथी काढून दाखवा. फीच्या पैशांत चाळीस बॅटन येतील.

पैठणीप्रेमी
मेथीची गोळा भाजी करता का कोणी? इथे एवढी मेथी ऐकून भूक लागली. तुरीची डाळ घालतात की मुगाची?

मिठाची_गुळणी
तूर. वरून लसणाची फोडणी, सुक्या मिरचीसकट.

ओली_भेळ
आमच्यात चणाडाळ भिजवून.

परसदार
तूरच. बरं, दहा वाजले, टायमर पडला. खाली जाऊन दार किलकिलं ठेवून येते, काल विसरले होते.