मे महिन्यात गुहागरला आजी-आजोबांकडे १२ दिवस, मुलं ७ आणि ४ वर्षांची. सल्ला हवाय

कैरी_पन्हं | २ एप्रिल

नमस्कार मंडळी. सुट्टी लागली की गुहागरजवळच्या आमच्या गावी जायचं आहे, साबा-साबुंकडे (सासूबाई-सासरेबुवा). १२ दिवस. लेक ७ वर्षांची, धाकटा ४. साबु ७६, साबा ७०. घर जुनं, कौलारू, मागे नारळी-पोफळीचं आगर आणि विहीर. आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे मुलांच्या लेखी अंगण म्हणजे पार्किंग.

गेल्या वर्षीची फेरी पार फसली. कुंभार्ली घाटात धाकट्याला दोनदा उलटी झाली, त्यातली एक माझ्या मांडीवर. तिसऱ्या दिवसापासून "कंटाळा आला, मोबाईल दे" सुरू. साबांनी पहाटे उठून सांदणं (फणसाच्या रसाच्या इडल्या) केली, मुलांनी तोंड लावलं नाही, म्हणून मी मॅगी केली. त्यानंतर दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. निघताना साबा म्हणाल्या, "पुढच्या वर्षी चारच दिवस या, मुलांना इथे करमत नाही." नवऱ्याचा चेहरा उतरला तो कात्रज येईपर्यंत तसाच.

तर प्रवास, मुलांचा दिवस, जेवणखाण, सोबत काय न्यायचं, काहीही सांगा. मधले दोन-तीन दिवस हॉटेलात राहिलो तर बरं पडेल का? की साबांना वाईट वाटेल?

घाटवळण | २ एप्रिल

उंब्रज-पाटणवरूनच जाता ना? मग "पहाटे पाचला निघा" हा सल्ला मी देणार नाही. आम्ही तीन वर्षं तेच केलं. मुलं गाडीत झोपतात आणि नेमकी घाटाच्या तोंडाशी उपाशीपोटी जागी होतात. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

सकाळी व्यवस्थित खाऊन निघा, दूध मात्र नको. कोयनानगरला मोठा थांबा घ्या. तिथलं नेहरू उद्यान मुलांना पळायला छान आहे, धरणही दिसतं. तासभर गेला तर जाऊ द्या. तिथे भडंग, खाकरा असं कोरडंच द्या. घाटात पुस्तक नाही, मोबाईल नाही, काच थोडी खाली, नजर समोर. उलटीचं औषध डॉक्टरांना विचारूनच, आणि घाटाच्या आधी बराच वेळ. घाट लागल्यावर दिलेलं औषध उलटीबरोबर बाहेर पडतं.

आणि चालवणाऱ्याला सांगा, घाटात ट्रकच्या मागे शांत राहायचं. निम्म्या उलट्या मुलांमुळे नाही, बाबांच्या ओव्हरटेकमुळे होतात.

लोकलचा_डबा | २ एप्रिल

तुम्हाला उपयोग नाही, पण धागा वाचणाऱ्या मुंबई-ठाणेकरांसाठी: लहान मुलं असतील तर चिपळूणपर्यंत रेल्वेच बरी. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ च्या आधी १२० दिवस होतं), सुट्टीच्या तारखांसाठी ते उघडतं त्याच सकाळी बसा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं. आम्ही पोरांना बोगदे मोजायला लावतो. दोघांचा आकडा आजवर एकदाही जुळलेला नाही, भांडणात चिपळूण येतं.

पडवी | ३ एप्रिल

मी पलीकडच्या बाजूची आहे. दापोली तालुक्यात राहते, वय ६८, ठाण्याहून दोन नातवंडं येतात. जरा लांबण लावते, रागावू नका.

तुमच्या सासूबाई "चारच दिवस या" म्हणाल्या ते मुलांना करमत नाही म्हणून नव्हे हो. मीही असंच काहीतरी म्हणते. दमले म्हणायची लाज वाटते, म्हणून मुलांचं नाव पुढे करायचं. एरवी दोन माणसांचा वाटीभर भात लावणारी बाई एकदम सहा जणांचा नाश्ता, दोन जेवणं आणि मधलं खाणं करायला लागते. त्यात सांदणं! बरक्या फणसाचे गरे चाळणीवर घासून रस काढायचा म्हणजे खांदे भरून येतात. मुलांनी खाल्ली नाहीत याचं एवढं नाही, पण खांदे दुखत असताना समोर मॅगीचं पातेलं आलं की डोळ्यात पाणी येतं. या वेळी रस काढायला मुलांनाच बसवा. अर्धा अंगावर जाईल, जाऊ दे. स्वतः घासलेल्या रसाचं सांदण मूल चाखून तरी बघतं.

दुसरं, पाणी. मे महिन्यात विहीर तळाला गेलेली असते. मुलं बादलीमागून बादली डोक्यावर ओततात तेव्हा आम्ही हसतो खरे, पण मनात बादल्या मोजत असतो. नारळाच्या आळ्यात उभं करून आंघोळ घाला. मुलांची मजा होते आणि तेच पाणी माडाला जातं. सिलिंडर जादाचा भरून ठेवलाय का ते आधी फोनवर विचारा, तुमच्या पहिल्याच आठवड्यात तो संपणार हे आम्हाला माहीत असतं, पण सांगवत नाही. धाकट्याला रात्री डायपर लागत असेल तर वापरलेले पिशवीत बांधून परत पुण्याला न्या. गावात घंटागाडी नसते. तुम्ही गेल्यावर आमचे हे ते परसात जाळत बसतात.

"आई, काही मदत करू का?" असं विचारू नका. विचारलंत की आम्ही "नको गो, बस तू" म्हणणारच. रात्रीची भांडी न विचारता घासून टाका. एक वेळचा स्वयंपाक तुमचा, असं पहिल्याच दिवशी जाहीर करा, आणि तो नवऱ्याने केला तर फारच उत्तम.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: जेवण झाल्यापासून चार वाजेपर्यंत मुलं तुमची. आम्हाला झोपू द्या. सकाळी आणि संध्याकाळी ती आमची, तेव्हा तुम्ही मध्ये येऊ नका.

पोफळी | ३ एप्रिल

पडवीताई, प्रिंट काढून फ्रीजवर लावलंय.

रात्रपाळी | ३ एप्रिल

पडवीताईंना अनुमोदन, फक्त मोबाईलबद्दल माझं मत वेगळं. लोक लिहितील, गावी मोबाईल बंद करा, मुलं मातीत खेळतील. दोन दिवस खेळतात. तिसऱ्या दिवशी दुपारी दीडला, पत्रा तापलेला, वीज गेलेली, आजी झोपलेली, तेव्हा काय कराल? तासभर द्या. घरूनच डाउनलोड करून न्या, तिकडे रेंज अंगणातल्या एकाच कोपऱ्यात मिळते आणि तिथे ऊन असतं.

हॉटेल मध्येच नको. भरलेल्या घरातून उठून तीन दिवस हॉटेलात गेलात तर गावात चर्चा होईल, आणि ती तुमच्या साबांना ऐकावी लागेल. त्यापेक्षा त्यांनाच गाडीत घाला. हेदवीचा दशभुज गणपती, वेळणेश्वर, हे त्यांच्यापासून तासाभराच्या आत असेल, पण ते दोघं शेवटचे कधी गेले होते विचारून बघा. धोपाव्याहून दाभोळची फेरीबोट आहे, गाडीसकट चढता येतं. आमच्या पोराला अख्ख्या सुट्टीतली ती पंधरा मिनिटं आठवतात. पलीकडे जाऊन चहा प्यायचा आणि परत यायचं, पुरे.

थेंबथेंब | ४ एप्रिल

मी बालरोगतज्ज्ञ. घाबरवायला लिहीत नाही, पण सुट्टीनंतर दवाखान्यात जे ऐकते ते सांगते.

आजी-आजोबांच्या गोळ्या. बीपी, साखर, थायरॉईड, सगळं जेवणाच्या टेबलावर उघड्या डब्यात असतं आणि चार वर्षांच्या मुलाला त्या गोळ्या म्हणजे लिमलेट वाटतात. पोचल्या पोचल्या पहिलं काम, तो डबा उंच फळीवर. मग पडवीत एक चक्कर मारा. रॉकेल, फवारणीचं औषध, फिनेल हे पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवायची सवय असते. बाटली ओळखीची, मूल तहानलेलं.

विहिरीचा कठडा तुमच्या मुलाच्या छातीपेक्षा उंच आहे का बघा. शेजारी दगड, घमेलं, पालथी बादली असेल तर तो कठडा नाही, जिना आहे. विहिरीवर जाळी नसेल तर या वेळी बसवूनच घ्या.

ओल्या काजूची बी हाताने फोडू देऊ नका. सालीतल्या तेलाने कातडी भाजते, आणि मुलं ती दाताने फोडायला जातात. बोंडू (काजूचं फळ) खुशाल खाऊ द्या.

विंचू. कोकणातला लाल विंचू लहान मुलाला जिवावरचा ठरू शकतो. लाकडाच्या गंजीत, चिऱ्यांच्या ढिगात हात घालायचा नाही, चपला झटकून घालायच्या, अंधारात बॅटरी. चावल्यावर मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं तर उतारा-मंत्र यात एक मिनिटही घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही साधी गोळी यावर कशी चालते ते दाखवून दिलं, त्यानंतर कित्येक मुलं वाचली. पण ती गोळी डॉक्टरने द्यायची असते, आणि वेळेत. साप असो वा विंचू, कापणं, चोखणं, आवळून बांधणं नको. १०८ ला फोन. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का, हे जायच्या आधी फोन करून विचारा.

तापाच्या औषधाचा डोस दोघांच्या वजनाप्रमाणे लिहून न्या. ओआरएस न्या. बाकी आंबे खाऊन गळवं येतात का, यावर मी साबांशी वाद घालणार नाही, तुम्हीही घालू नका. पाण्यात भिजवून खा, त्याही खूश.

निवृत्त_मास्तर | ५ एप्रिल

मुलांना काय करायला लावावं, असा प्रश्न आहे. सातव्या वर्षी नातीला भरती-ओहोटी शिकवायला काय हरकत आहे? तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, पण किनाऱ्यावर कधी जायचं ते कळायला पुरे. ओहोटी संध्याकाळी असेल त्या दिवशी वाळूत खेळायला न्या. पाण्यात घोट्यापुढे नको, आणि मेअखेर समुद्र खवळायला लागला की तेवढंही नको. हेदवीची बामणघळ बघायची तर भरती लागते. खडकाच्या चिरेतून पाणी उसळतं, पण लांबून बघायचं, कडेला मूल सोडायचं नाही.

आता गंमत अशी, की तुमचे सासरे ७६ वर्षांचे. त्यांनी शाळेत पाऊणकी पाठ केलेली असणार. पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्ध्या आणि पाऊणचे पाढे. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना ती कुणी विचारली नसेल. विचारून बघा.

कैरी_पन्हं | ५ एप्रिल

किती लिहिलंत सगळ्यांनी! पडवीताई, तुमचं वाचून जरा रडले, मग नवऱ्याला वाचायला दिलं. तो काही बोलला नाही, पण रात्री आईला फोन करून सिलिंडरचं विचारलं. संपलेलाच होता.

कापाच_खरा | ६ एप्रिल

सांदणं मऊ गऱ्यांच्या बरक्याचीच होतात हे मान्य, पण मुलांनी नुसता फणस खायचा तर घट्ट गऱ्यांचा कापाच. कृपया यावर चर्चा व्हावी.

पोफळी | ६ एप्रिल

नको. तो धागा गेल्या वर्षी ४०० प्रतिसादांवर बंद करावा लागला होता.

कैरी_पन्हं | ४ जून

धागा वर काढतेय. जाऊन आलो. १२ ऐवजी ९ दिवस राहिलो. आधीच ठरवून, फोनवर सांगून.

घाटात उलटी नाही! कोयनानगरला सव्वा तास थांबलो. ट्रकमागे नवरा शांत राहिला, मी त्याच्याकडे बघत होते म्हणून.

गोळ्यांचा डबा खरंच जेवणाच्या टेबलावर होता. पडवीत शीतपेयाच्या बाटलीत फवारणीचं औषध होतं, पाव बाटली. साबु म्हणाले, "अरे, ते तर कधीचं आहे." मला रात्री झोप आली नाही. विहिरीला जाळी बसवून आलो, खर्चावरून बापलेकात थोडी वादावादी झाली.

दुपारी मुलांना घेऊन आम्ही ओटीवर. कठीण गेलं. दोन दुपारी फार वाईट होत्या, वीज नव्हती, दोघांनी एकमेकांना चावे घेतले, रात्रपाळी यांचा तास दीड तासावर गेला. पण साबा रोज तीन तास झोपल्या. चौथ्या दिवशी चारला उठून स्वतःहून म्हणाल्या, चला रे, बोंडू काढायला.

धाकट्याने सांदण याही वर्षी खाल्लं नाही. चाळणी मात्र सोडेना. कानात रस गेला होता. मॅगी झाली, पण ती साबांनी केली, वर ओलं खोबरं घालून. मला आवडली नाही, मुलांना आवडली.

आणि मास्तर, तुम्हाला कसं सांगू. मी जेवताना सहज विचारलं, बाबा, तुम्हाला पाऊणकी येते का? साबुंनी घास खाली ठेवला. "एक पाऊण, दोन दीड, तीन सव्वादोन, चार तीन," असं थेट शेवटपर्यंत, न अडखळता. लेक बघतच राहिली. तिला वाटलं मंत्र आहे. दुसऱ्या दिवसापासून झोपाळ्यावर दोघांचं तेच. हेदवीला तिनेच तिथी बघून दिवस ठरवला, षष्ठी, साडेचार. सगळे गेलो, साबासुद्धा, गुडघ्याला पट्टा बांधून. पाणी उसळायला पाच वाजून गेले, तेवढा वेळ ती घड्याळाकडे बघून रडवेली झाली होती. साबु म्हणाले, समुद्राला घड्याळ कोण बांधणार?

पुण्याला आल्यापासून ती रोज संध्याकाळी आजोबांना फोन करते. कालनिर्णय मांडीवर असतं. काल म्हणाली, "आजोबा, उद्या पंचमी. पावणेचार." पलीकडून आवाज आला, "बरं. बघून येतो आणि कळवतो."