मोबाईल येतो म्हणजे सगळं येतं असं नाही

"आजच्या पोरांना मोबाईल उपजतच येतो, शाळेनं वेगळं काय शिकवायचं?" या मताशी मी सहमत नाही. रील बनवणारा नववीतला मुलगा मिळालेली माहिती खरी की खोटी हे तपासू शकतोच असं नाही.

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यातलं उदाहरण घ्या. केळीवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) आला की घरोघरी व्हॉट्सॲपवर 'हमखास औषध' फिरतं. हा विषाणूजन्य रोग आहे, मुख्यतः मावा या किडीमुळे पसरतो आणि लागण झालेलं झाड कुठल्याही फवारणीनं बरं होत नाही. ते उपटून नष्टच करावं लागतं. मग वर्गात तोच मेसेज फळ्यावर लिहा आणि मुलांना कामाला लावा. हे मूळ कोणी लिहिलं? तारीख आहे का? लिहिणारा औषध विकतो का? कृषी विद्यापीठ काय सांगतं? शोधताना सगळ्यात वर दिसतं ते बऱ्याचदा जाहिरात असतं, हे तिथंच कळतं. (शाळेच्या कॉम्प्युटर लॅबला कुलूप असलं तरी चालेल, एक फोन पुरतो.)

केळीच्या बाजारभावाचंही तसंच. रावेर आणि बऱ्हाणपूरचे रोजचे भाव महिनाभर स्प्रेडशीटमध्ये भरून आलेख काढला तर गणितही होतं आणि बापाला उपयोगही.

आणि एवढं तरी दहावीच्या आत कळायलाच हवं: पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, आणि फसवणूक झाली तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा.

कोडिंग सहावीपासून आणा, हरकत नाही. पण आधी हे.