मीटर बिघडलेला नाही, आधी झीरो तपासा

पावडर कोटिंगची जाडी मोजणारा मीटर एकाच पॅनलवर कधी ५५, कधी ९० मायक्रॉन दाखवतो म्हणून तो दुरुस्तीला पाठवायचं म्हणताय, जरा थांबा. आमच्या भोसरीच्या शॉपमध्ये मीही हेच करून बसलोय. मीटर ठणठणीत निघाला, कुरिअरचे पैसे गेले ते गेले.

मीटरसोबत आलेल्या गुळगुळीत चकतीवर झीरो करून (म्हणजे आकडा शून्यावर आणून) थेट जॉबवर, म्हणजे कोटिंग केलेल्या वस्तूवर लावता ना? गडबड तिथंच. आमचा जॉब म्हणजे अर्ध्या एमएम पत्र्याचं कव्हर. चकतीवर झीरो केलेला मीटर कोऱ्या पत्र्यावरच १२ दाखवत होता! पत्रा पातळ असला की लोखंडावर चालणारा चुंबकीय प्रोब (मीटरचं टेकवायचं टोक) फसतो आणि जास्त आकडा देतो. ब्लास्टिंग केलेल्या (कणांचा मारा करून घासलेल्या) खडबडीत पृष्ठभागावरही तसंच. म्हणून झीरो त्याच जॉबच्या कोटिंग न झालेल्या तुकड्यावर करा, मग त्यावरच अपेक्षित जाडीच्या जवळची फॉइल (जाडी आधीच माहीत असलेली पातळ पट्टी) ठेवून आकडा जुळवा.

कडेपासून इंचभर आत, प्रोब सरळ उभा. वाकडा धरला की संपलं. एका जागी तीनदा घेऊन सरासरी लिहा. आणि ओव्हनमधून निघालेला जॉब थंड होऊ द्या, घाई ही आपल्या सुपरवायझरांची खोड.

जॉब गॅल्व्हनाइज्ड असेल तर दिसणारा आकडा जस्त अधिक पावडर असा एकत्र असतो. जस्ताची जाडी कोटिंगआधीच मोजून वजा करा. ॲल्युमिनियमला मात्र चुंबकीय प्रोब चालत नाही, एडी करंटचा (लोखंड नसलेल्या धातूंसाठीचा) प्रोबच लागेल.

तुमचा पत्रा किती गेजचा आहे?