मदत हवी आहे: आजोबांच्या वेळची पेटी, भाव किती सांगू?

दर्यापूरकर
घरी आजोबांची जुनी पेटी आहे. परतवाड्याचा एक जण रविवारी येतो, फोनवरच चार हजार देतो म्हणून राहिला. बरोबर आहे का? लवकर सांगा, घर पाडून बांधकाम काढलंय, ठेवायला जागा नाही.

वऱ्हाडी_मानूस
कोन्ती पेटी भाऊ? लोखंडी का वाजवाची? थे सांगसान तवा भाव सांगता येईन.

दर्यापूरकर
वाजवायची. आजोबा गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात वाजवत.

सूर_जुळारी
पट्ट्या किती, ३७ की ४२? सूर, म्हणजे आतल्या हवेनं थरथरणाऱ्या पितळी जिभा, किती ओळींचे? कपलर, म्हणजे एक पट्टी दाबली की सप्तकावरची दुसरीही दाबली जाते ती सोय, आहे का? पेटी उघडून पितळी सुरांवर काय कोरलंय ते वाचा. लाकडाला कोणी विचारत नाही, पैसा सुरांचा असतो. भाता भरून एकही पट्टी न दाबता सोडा; लगेच बसला तर हवा गळते.

अकोलेकर_काका
एवढं कशाला? पॉलिश मारा, सूर घासून जुळवून घ्या, दुप्पट भाव येईल. मी आमचा जुना पलंग असाच विकला.

सूर_जुळारी
काका, पलंग वेगळा. सूर टोकाला घासला की चढतो, बुडाशी घासला की उतरतो, पण गेलेलं पितळ परत येत नाही. विकण्याआधी कानस लावूच नका. पॉलिशही नको, जुन्या खुणा बुजतात.

यवतमाळ_७
पांढऱ्या पट्ट्या पिवळसर आहेत का? हस्तिदंत असेल तर विकता येणार नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं प्रकरण आहे.

अकोलेकर_काका
तापवलेली सुई टोचून पाहा, कळेल.

यवतमाळ_७
कृपा करून असं करू नका! सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक, असेल तर भडकन पेटतं. भिंगाखाली बारीक शिरा दिसतात का, तेवढं पाहा.

मोझरीचा_वारकरी
आकाशवाणीने १९४० साली पेटी बंद केली होती, पण गावच्या भजनातून ती कधी गेली नाही. तुकडोजी महाराजांची खंजिरी आणि सोबत पेटी, यावर आमचं गाव पहाटे उठायचं. तुमच्याकडे मंडळ चालतं का? पोरांना शिकवा.

दर्यापूरकर
दादा, शिकवणारे आजोबाच गेले. मला फक्त भाव पाहिजे.

रात्री उघडली. ३७ पट्ट्या, दोन ओळी, कपलर नाही. तीन सूर मुके. भात्याचा एक कोपरा उंदरानं कुरतडला. पट्ट्यांना शिरा नाहीत. पितळेवर रोमन अक्षरांत पॅरिस लिहिलंय.

सूर_जुळारी
चार हजारात देऊ नका! पॅरिसच्या सुरांची पेटी जाणकार शोधत फिरतात. भाता नवा होतो, मुक्या सुरांत बरेचदा नुसता कचरा अडकलेला असतो. अमरावतीला किंवा नागपुरात पेटी दुरुस्त करणाऱ्याला आधी दाखवा, सगळे सूर एकेक वाजवून घ्या, मगच आकडा बोला. रविवारी तो माणूस आलाच तर आधी लाकूड पाहतो की सूर, तेवढं बघून ठेवा.

अकोलेकर_काका
भाता तरी बदलून घ्या.

दर्यापूरकर
त्याचा आत्ताच फोन आला. सहा हजार म्हणतो, आणि उद्याच येतो म्हणतो. पॅरिसचं तर मी सांगितलंच नाही. आई म्हणते, आजोबा ही पेटी कोणाला हात लावू देत नव्हते. उद्या नको म्हणून सांगितलं. अमरावतीत चांगला कारागीर कोणता, ते सांगा.